घटक ४ : मेजर थॉमस कँडी — कोशकार आणि मराठी विरामचिन्हांचे परिभाषाकार

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस,
• मेजर थॉमस कँडी यांच्या जीवनाची व भाषाकार्याची रूपरेषा सांगता येईल;
• विरामचिन्हे रूढ होण्यापूर्वीच्या मराठी लेखनाचे स्वरूप स्पष्ट करता येईल;
• इंग्रजीतील विरामचिन्हे व मोठी अक्षरे यांच्या नियमांपैकी कोणते मराठीने स्वीकारले आणि कोणते स्वीकारले नाहीत, हे सकारण मांडता येईल;
• कँडी यांच्या कार्याचे गुण आणि मर्यादा यांचे मूल्यमापन करता येईल.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, मागील घटकात आपण दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ मधील मराठी व्याकरणाचा परिचय करून घेतला. दादोबांनी शब्दांच्या जाती, विभक्ती आणि क्रियापदांची रूपे यांची व्यवस्था लावली. परंतु छापील पानावरील वाक्य कोठे थांबते, कोठे क्षणभर विसावते, कोठे प्रश्न विचारते आणि कोठे दुसऱ्याचे बोलणे सुरू होते, हे दाखविण्याचा प्रश्न वेगळा होता. तो सोडविण्यात ज्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते ते मेजर थॉमस कँडी हे जन्माने इंग्रज आणि पेशाने सैनिक होते. आज आपण ज्या खुणा सहजपणे वापरतो, त्यांच्यामागे एका परकीय अभ्यासकाचे परिश्रम आहेत, ही बाब अनेकांना नवी वाटेल.

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला या विषयाचे महत्त्व विशेष आहे. वर्गात शिक्षक वाक्य उच्चारतात तेव्हा त्यांचा आवाजच अर्थ उलगडून दाखवितो. रिसोड, मानोरा किंवा मंगरूळपीर येथे दिवसभराचे काम आटोपून रात्री एकटे बसून पुस्तिका वाचणाऱ्या विद्यार्थ्यासमोर मात्र केवळ छापील पान असते. तेथे आवाजाचे काम विरामचिन्हांना करावे लागते. एकोणिसाव्या शतकात मराठी गद्य प्रथमच मोठ्या प्रमाणावर अशा एकट्या, मूक वाचकापर्यंत पोहोचू लागले आणि विरामचिन्हांची गरज तेव्हाच तीव्र झाली. कँडी यांचे चरित्र या गरजेच्या संदर्भात वाचावयाचे आहे.

४.३ जन्म, शिक्षण आणि हिंदुस्थानात आगमन

थॉमस कँडी यांचा जन्म १३ डिसेंबर १८०४ रोजी इंग्लंडमधील ईस्ट नॉयल या गावी झाला. जॉर्ज कँडी हे त्यांचे जुळे बंधू. थॉमस यांचे शिक्षण ऑक्सफर्ड येथे झाले. भारतीय भाषांचे शिक्षण घेऊन दोघे बंधू १८२२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी सेवेत हिंदुस्थानात आले. दुभाषाचे काम हा त्यांच्या सेवेचा एक भाग होता.

ते आले तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. पेशवाईचा शेवट १८१८ मध्ये झाला होता. मुंबई इलाख्याचा कारभार इंग्रजांच्या हाती आला होता आणि जमीनमहसूल, न्यायदान, पत्रव्यवहार या सर्वांसाठी लोकभाषा जाणणाऱ्या अधिकाऱ्यांची निकड भासत होती. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत शालेय पुस्तके आणि कोश यांच्या निर्मितीला सरकारी आश्रय मिळू लागला. म्हणजे मराठीचा अभ्यास हा या तरुण अधिकाऱ्यांसाठी आरंभी राज्यकारभाराचा भाग होता. कँडी यांच्या बाबतीत मात्र सेवेची गरज म्हणून सुरू झालेला हा अभ्यास आयुष्यभराचे कार्य ठरला.

४.४ कोशकार्य

कॅप्टन जेम्स मोल्सवर्थ यांनी मराठी-इंग्रजी कोशाचे काम हाती घेतले तेव्हा कँडी बंधू त्यांचे साहाय्यक झाले. हा कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावर मोल्सवर्थ यांच्या नावासोबत लेफ्टनंट थॉमस व जॉर्ज कँडी यांची नावे साहाय्यक म्हणून दिलेली आहेत. या आवृत्तीत सुमारे ४०,००० शब्द होते. पुढे १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही संख्या सुमारे ६०,००० पर्यंत गेली. आजही मराठी शब्दांचे जुने अर्थ, म्हणी आणि प्रादेशिक रूपे शोधताना अभ्यासक या कोशाकडे वळतात.

हे काम केवळ इंग्रज अधिकाऱ्यांचे नव्हते, हे विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे. शब्द जमविणे, त्यांच्या अर्थच्छटा सांगणे, प्रमाण व ग्राम्य प्रयोग वेगळे करणे ही कामे शास्त्री-पंडितांच्या मदतीवाचून होणे शक्य नव्हते. परशुरामपंत गोडबोले हे या कार्याशी संबंधित असलेले एक विद्वान होत. त्यांनी संपादित केलेला नवनीत हा मराठी कवितांचा संग्रह १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे अनेक पिढ्यांच्या अभ्यासाचा विषय बनला. मराठीचे आधुनिक कोश हे अशा प्रकारे दोन विद्यापरंपरांच्या सहकार्यातून उभे राहिले; मात्र मुखपृष्ठावर नावे कोणाची आली, हा प्रश्न त्या काळच्या सत्तासंबंधांकडे बोट दाखवितो.

मराठी-इंग्रजी कोशानंतर इंग्रजी-मराठी कोशाचे काम मोल्सवर्थ यांनी सुरू केले. प्रकृती बिघडल्यामुळे त्यांना ते अपुरे सोडून मायदेशी जावे लागले. ते काम कँडी यांनी पूर्णत्वास नेले आणि १८४७ मध्ये हा कोश प्रकाशित झाला. दुसऱ्या कोशाचे स्वरूप पहिल्याहून भिन्न होते. मराठी शब्दाचा इंग्रजी अर्थ देताना कोशकार अस्तित्वात असलेला मराठी शब्द समजावून सांगतो. इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द देताना मात्र अनेकदा मराठीत तो शब्दच नसतो. तो जुळवावा, संस्कृतातून घडवावा किंवा वर्णनाने सांगावा लागतो. इंग्रजीतील संकल्पना मराठीत कशी बसवायची, हा प्रश्न कँडी यांना कोशाच्या प्रत्येक पानावर भेटला. विरामचिन्हांच्या बाबतीत त्यांनी पुढे जे केले, त्याची तयारी या कोशकार्यात झाली, असे म्हणता येते.

४.५ पुण्याची पाठशाळा आणि पाठ्यपुस्तके

पुण्याच्या विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली होती. कँडी हे १८३७ मध्ये तिचे सुपरिंटेंडेंट झाले. शास्त्री अध्यापक आणि पारंपरिक विद्या यांच्या या संस्थेत इंग्रजी व नव्या विद्यांना हळूहळू स्थान मिळत गेले. १८५१ मध्ये पाठशाळा आणि पुण्यातील इंग्रजी शाळा एकत्र येऊन पूना कॉलेज निर्माण झाले. हेच पुढे डेक्कन कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आले.

शिक्षणसंस्थेचे काम करीत असताना कँडी यांच्याकडे सरकारी भाषांतराचे आणि मराठी पुस्तके तपासण्याचे कामही आले. शाळांसाठी तयार होणारी पुस्तके त्यांच्या नजरेखालून जात. कोणता शब्द ठेवावा, कोणते वाक्य बदलावे, कोणती रचना शुद्ध मानावी, यासंबंधी त्यांचे मत निर्णायक ठरू लागले. त्यांनी स्वतःही लेखन केले. नीतिज्ञानाची परिभाषा हे त्यांचे पुस्तक १८४८ मधील आहे. या घटकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पुस्तक म्हणजे १८५० मधील विरामचिन्हांची परिभाषा. त्याकडे वळण्यापूर्वी त्याआधीची स्थिती पाहू.

४.६ विरामचिन्हांपूर्वीचे मराठी लेखन

विरामचिन्हे नव्हती म्हणून जुने लेखन अव्यवस्थित होते, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. प्रत्येक लेखनपरंपरा आपल्या वाचकाची गरज ओळखून साधने निर्माण करते.

आपल्या जिल्ह्यातीलच उदाहरणे घेऊ. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसरा विंध्यशक्ती या राजाचा वाशिम येथे मिळालेला ताम्रपट चौथ्या शतकातील आहे. त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात आणि पुढील दानाचा तपशील प्राकृतात आहे. अशा ताम्रपटांत आजच्यासारखे शब्दाशब्दांत अंतर नसते. अक्षरांची ओळ सलग चालते आणि शब्द कोठे तोडायचा हे जाणकार वाचक ठरवितो. कारंजा येथील जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारांत जतन झालेल्या हस्तलिखितांमुळे विसाव्या शतकात अपभ्रंश वाङ्मयाच्या अभ्यासाला मोठी चालना मिळाली. हस्तलिखित पोथ्यांत एक दंड आणि दोन दंड या खुणा आढळतात. श्लोकाचा अर्धा भाग संपला की एक दंड आणि श्लोक संपला की दोन दंड, अशी ही रीत. ओवी किंवा अभंग यांच्या शेवटी दोन दंडांमध्ये क्रमांक घालण्याची पद्धत आपणांस परिचित आहेच.

पद्याला एवढ्या खुणा पुरतात. छंद आणि यमक हे वाचकाला कोठे थांबावे ते सांगतात. शिवाय पोथी मोठ्याने वाचली जाई आणि श्रोते ती ऐकत. अर्थ सांगणारा निरूपणकार समोर असे.

गद्याची स्थिती वेगळी होती. मोडी लिपीतील दप्तरे, पत्रे आणि बखरी यांत प्रथम कागदावर आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहिली जात. शब्दांमध्ये अंतर ठेवण्याची किंवा वाक्यांती खूण करण्याची पद्धत सामान्यतः नव्हती. तरीही कारभार सुरळीत चाले. याची दोन कारणे सांगता येतात. पहिले कारण सामाजिक आहे. हे कागद वाचणारा कारकून त्या लेखनप्रकारात मुरलेला असे. मायन्यापासून शेवटापर्यंतचा साचा त्याला पाठ असे. दुसरे कारण मराठीच्या रचनेत आहे. मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते. त्यामुळे क्रियापदाचे पूर्ण रूप आले की वाक्य संपल्याची सूचना आपोआप मिळते. ‘करून’, ‘जाऊन’ यांसारखी रूपे वाक्य अजून चालू असल्याचे सांगतात. दुसऱ्याचे बोलणे संपल्यावर ‘असे’ किंवा ‘म्हणून’ हा शब्द येतो आणि अवतरणाची सीमा दाखवितो. विरामचिन्हांचे काही काम मराठीचे व्याकरण स्वतःच करीत होते.

हे काम पुरेसे ठरले नाही, त्याचे कारण वाचक बदलला. छापखाने आले, शाळा आल्या, वृत्तपत्रे आली. बाळशास्त्री जांभेकरांचे दर्पण १८३२ मध्ये सुरू झाले; त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान यांची पुस्तके मराठीत येऊ लागली. हे गद्य कोणत्याही ठराविक साच्यातले नव्हते. ते वाचणारा विद्यार्थी नवखा होता आणि विषयही नवा होता. दीर्घ व गुंतागुंतीचे वाक्य सलग वाचून त्याचा अर्थ लावणे त्याला कठीण जाणार, हे उघड होते.

४.७ विरामचिन्हांची परिभाषा

इंग्रजीत तोपर्यंत विरामचिन्हांची व्यवस्था बऱ्याच अंशी स्थिर झाली होती. तीही फार प्राचीन नव्हती. लॅटिन लेखनही एके काळी सलग लिहिले जाई. व्हेनिसमधील मुद्रक आल्डस मनुशियस यांच्या छापखान्यात पंधराव्या शतकाच्या अखेरीस अर्धविरामाचे चिन्ह वापरात आले. मुद्रणाचा प्रसार झाला तशा खुणा आणि त्यांचे नियम निश्चित होत गेले. लिंडली मरे यांच्या १७९५ मधील प्रसिद्ध इंग्रजी व्याकरणात विरामचिन्हांना स्वतंत्र स्थान होते. म्हणजे मुद्रण, शालेय शिक्षण आणि विरामचिन्हे यांचा जो संबंध इंग्रजीत दिसतो, तोच पुढे मराठीत दिसून आला.

इंग्रजी छापखान्यांच्या संपर्कातून काही खुणा मराठी मुद्रणात शिरणे स्वाभाविक होते. परंतु खूण दिसणे आणि तिचा नियम समजणे यांत अंतर असते. कँडी यांनी विरामचिन्हांची परिभाषा लिहून या खुणांना मराठी वाचकांसाठी शिकविण्याजोगा विषय बनविले. दादोबांच्या व्याकरणाची दुसरी आवृत्तीही १८५० मध्येच प्रसिद्ध झाली. एकाच वर्षी मराठीच्या व्याकरणाची फेरमांडणी व्हावी आणि विरामचिन्हांवर स्वतंत्र पुस्तक यावे, यावरून त्या काळात मराठी गद्याला शिस्त लावण्याची गरज किती जाणवत होती, हे दिसून येते. पाठ्यपुस्तके तपासण्याचे काम कँडी यांच्याकडे असल्यामुळे त्यांचे नियम पुस्तकात पडून राहिले नाहीत; शाळांच्या पुस्तकांतून ते मुलांच्या डोळ्यांखाली आणि पुढे हाताखाली गेले.

विरामचिन्हांमुळे नेमके काय साधते, हे काही साध्या उदाहरणांवरून पाहू. ‘काय पाऊस पडला’ ही अक्षरे कोणत्याही खुणेशिवाय वाचली तर दोन अर्थ संभवतात. ‘काय, पाऊस पडला?’ असे लिहिले की तो प्रश्न होतो. ‘काय पाऊस पडला!’ असे लिहिले की पावसाच्या जोराविषयीचे आश्चर्य व्यक्त होते. ‘आई, बाबा आले’ या वाक्यात आईला उद्देशून बाबा आल्याची वार्ता दिली आहे. ‘आई-बाबा आले’ यात दोघेही आले आहेत. स्वल्पविरामाने संबोधन वेगळे काढले, तर संयोगचिन्हाने दोन शब्दांचा समास केला. ‘तू उद्या येणार’ हे विधान आहे आणि ‘तू उद्या येणार?’ हा प्रश्न. बोलताना स्वर उंचावून जे साधते, ते लेखनात प्रश्नचिन्ह साधते.

या उदाहरणांवरून एक निष्कर्ष निघतो. विरामचिन्ह दोन प्रकारची कामे करते. एक, ते बोलण्यातील थांबा व स्वर दाखविते. दोन, ते वाक्यातील घटकांचे परस्परसंबंध दाखविते. केवळ श्वास घेण्याची जागा म्हणून स्वल्पविराम दिला तर तो कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये कोठेही पडतो आणि वाचकाला अडवितो. म्हणून लेखकाने थांब्याबरोबर रचनेचाही विचार केला पाहिजे.

४.८ मराठीत काय आले आणि काय आले नाही

स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, अवतरणचिन्ह, संयोगचिन्ह आणि अपसारणचिन्ह ही सर्व चिन्हे मराठीत रूढ झाली. वाक्याच्या शेवटी हिंदीने परंपरागत दंड बराच काळ कायम ठेवला. मराठीने आणि गुजरातीने मात्र इंग्रजी पद्धतीचा टिंबाचा पूर्णविराम स्वीकारला. एकच देवनागरी लिपी वापरणाऱ्या मराठी आणि हिंदी या भाषांनी याबाबत वेगवेगळे मार्ग धरले, यावरून विरामचिन्हे लिपीचा अंगभूत भाग नसून भाषिक समाजाने मान्य केलेले संकेत असतात, हे स्पष्ट होते.

इंग्रजी लेखनातील एक महत्त्वाची व्यवस्था मात्र मराठीत आली नाही, ती म्हणजे मोठ्या अक्षरांची. इंग्रजीत वाक्याचे पहिले अक्षर, व्यक्ती व स्थळांची नावे, वार आणि महिने यांची पहिली अक्षरे, तसेच ‘मी’ या अर्थाचे एकाक्षरी सर्वनाम मोठ्या अक्षरात लिहितात. रोमन लिपीत प्रत्येक अक्षराची लहान व मोठी अशी दोन रूपे आहेत. देवनागरीत अशी दोन रूपे नाहीत, म्हणून हा नियम घेण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. हा नियमदेखील सर्वत्र सारखा नाही. अठराव्या शतकातील इंग्रजी मुद्रणात अनेक सामान्यनामेही मोठ्या अक्षराने आरंभ होत, तर जर्मन भाषेत आजही सर्व नामे मोठ्या अक्षराने लिहितात.

मोठी अक्षरे नसल्यामुळे मराठी लेखकावर काही जबाबदारी येते. ‘आशा सोडून गेली’ या वाक्यात आशा नावाची स्त्री निघून गेली, की मनातील उमेद संपली, हे अक्षरांवरून कळत नाही. येथे लेखकाने ‘आशाताई’ असे लिहावे किंवा संदर्भ पुरेसा स्पष्ट ठेवावा. ‘उदा.’ यासारख्या संक्षेपानंतरचे टिंब आणि वाक्य संपविणारे टिंब ही दोन्ही मराठीत सारखीच दिसतात. पुढील शब्दाच्या लहान-मोठ्या अक्षरावरून इंग्रजी वाचकाला जी मदत होते, ती मराठी वाचकाला मिळत नाही. म्हणून संक्षेप बेताने वापरावेत.

देवनागरीची स्वतःचीही एक अडचण आहे. अपूर्णविराम आणि विसर्ग यांचे रूप जवळजवळ सारखे असते. अक्षराला चिकटवून अपूर्णविराम दिला तर तो विसर्ग वाटतो. या कारणाने मराठी मुद्रणात अपूर्णविरामापूर्वी थोडी जागा सोडतात. या घटकाचे शीर्षक पाहिल्यास हे ध्यानात येईल.

इंग्रजीतील नियम जसेच्या तसे लावले तर काय घडते, याचेही भान हवे. दोन स्वतंत्र वाक्ये केवळ स्वल्पविरामाने जोडणे इंग्रजीत सामान्यतः दोष मानतात. मराठीत ‘ढग दाटून आले, बायका वाळवणे गोळा करू लागल्या’ अशी रचना स्वाभाविक वाटते. ‘की’ या अव्ययाच्या आधी स्वल्पविराम द्यावा की नंतर, याविषयी लेखनात दोन्ही प्रघात दिसतात. ‘की’ हा शब्द पुढील वाक्याला जोडून घेतो, हे लक्षात घेतले तर त्याच्या आधीचा स्वल्पविराम अधिक सयुक्तिक ठरतो. मात्र काही नियम दोन्ही भाषांत समान आहेत. ‘तो कधी येणार हे मला ठाऊक नाही’ या वाक्यात प्रश्नार्थक शब्द असला तरी संपूर्ण वाक्य विधान आहे. तेथे पूर्णविरामच येतो. नियम कोणत्या भाषेतून आला यापेक्षा तो आपल्या भाषेच्या रचनेला मानवतो का, ही कसोटी महत्त्वाची आहे.

४.९ कँडी यांच्या अधिकाराची दुसरी बाजू

कँडी यांचे कार्य मोठे असले तरी त्याचे मूल्यमापन एकांगी करून चालणार नाही. मराठी शुद्ध कशाला म्हणावे याचा निर्णय मातृभाषा मराठी नसलेल्या एका सरकारी अधिकाऱ्याने द्यावा, ही परिस्थिती मुळातच विषम होती. त्यांच्याभोवती विद्वान शास्त्री होते. तथापि अखेरचा शब्द कँडी यांचा असे. शालेय पुस्तकांतून एक विशिष्ट धाटणीचे गद्य तयार झाले. ते स्पष्ट, नियमबद्ध आणि शिकविण्यास सोपे होते. परंतु पुष्कळदा ते भाषांतरित वाटे. इंग्रजी वाक्याचा सांगाडा त्यात जाणवे आणि बोलीतील जिवंतपणा हरवे.

या गद्याविरुद्धची प्रतिक्रिया पुढील पिढीत प्रकट झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ मध्ये निबंधमाला सुरू केली आणि मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीची कठोर चिकित्सा केली. मराठीचे वळण मराठी लेखकांनीच ठरवावे, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. येथे एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. विष्णुशास्त्र्यांचे दीर्घ, भारदस्त आणि उपरोधपूर्ण वाक्य स्वल्पविराम, अर्धविराम आणि उद्गारचिन्ह यांच्या आधारानेच उभे राहते. सरकारी पाठ्यपुस्तकी मराठीला विरोध करणाऱ्या पिढीने विरामचिन्हे टाकून दिली नाहीत. तिने ती आपलीशी करून आपल्या हेतूंसाठी वापरली. शुद्धतेचा अधिकार परका वाटला, साधन मात्र आपले झाले. भाषेच्या इतिहासात उसन्या गोष्टींचे भवितव्य असेच ठरते. त्या कोणी आणल्या यापेक्षा बोलणारे आणि लिहिणारे त्यांना कामाला लावतात की नाही, यावर त्यांचे टिकणे अवलंबून असते.

४.१० अखेरचा काळ

हिंदुस्थानात आल्यापासून कँडी यांचे आयुष्य मुख्यतः मराठीच्या कामात गेले. लेफ्टनंट म्हणून कोशाच्या साहाय्यकाचे काम सुरू केलेले हे गृहस्थ मेजर कँडी या नावाने मराठी शिक्षणक्षेत्रात ओळखले जाऊ लागले. २६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्यूच्या वेळी निबंधमालेला सुमारे तीन वर्षे झाली होती. मराठी गद्याची सूत्रे मराठी लेखकांच्या हाती जात होती आणि त्या गद्याच्या पानापानांवर कँडी यांनी शिकविलेल्या खुणा उमटत होत्या.

४.११ सारांश

थॉमस कँडी यांनी मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशास साहाय्य केले आणि १८४७ मध्ये इंग्रजी-मराठी कोश पूर्ण केला. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुख, भाषांतरकार व पाठ्यपुस्तकांचे परीक्षक या नात्यांनी त्यांनी मराठी शालेय गद्यावर प्रभाव टाकला. विरामचिन्हांची परिभाषा या १८५० मधील पुस्तकाने मराठीत विरामचिन्हांच्या नियमबद्ध वापराचा पाया घातला. जुन्या लेखनात छंद, दंड, क्रियापदाचे स्थान आणि वाचकाचा सराव ही साधने होती. मुद्रणामुळे वाचक बदलला आणि नव्या साधनांची गरज पडली. मराठीने इंग्रजी विरामचिन्हे घेतली, मोठ्या अक्षरांची व्यवस्था लिपीच्या स्वरूपामुळे घेतली नाही आणि घेतलेल्या नियमांना आपल्या वाक्यरचनेनुसार वळण दिले. कँडी यांच्या अधिकारामुळे पाठ्यपुस्तकी मराठीला काहीसा कृत्रिमपणा आला, ही त्यांच्या कार्याची मर्यादा होय.

४.१२ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. इंग्रजी-मराठी कोशाचे काम कँडी यांच्याकडे का आले?
२. पोथ्यांमध्ये एक दंड आणि दोन दंड कशासाठी वापरीत?
३. मराठी मुद्रणात अपूर्णविरामापूर्वी जागा का सोडतात?

आ) सुमारे १५० शब्दांत उत्तरे लिहा.
१. विरामचिन्हांशिवायही मोडीतील गद्य वाचले जाई, याची सामाजिक व व्याकरणिक कारणे स्पष्ट करा.
२. देवनागरीत मोठी अक्षरे नसल्यामुळे मराठी लेखकाला कोणती काळजी घ्यावी लागते, ते सोदाहरण लिहा.
३. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पिढीने पाठ्यपुस्तकी मराठीस विरोध केला, पण विरामचिन्हे स्वीकारली. या विधानाची चर्चा करा.

इ) क्षेत्रीय कार्य
आपल्या घरी, गावातील मंदिरात किंवा परिचितांकडे एखादी जुनी पोथी वा मोडी कागद असल्यास मालकांच्या परवानगीने त्याचे निरीक्षण करा. शब्दांत अंतर आहे काय, दंड कोठे आले आहेत, वाक्य कोठे संपते हे कशावरून कळते, याच्या नोंदी करा. त्यातील पाच ओळी आजच्या पद्धतीने विरामचिन्हांसह लिहून काढा आणि कोणती खूण ठरविताना आपणांस दोन अर्थांपैकी एक निवडावा लागला, ते लिहा. अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात या नोंदींवर समंत्रकांशी चर्चा करा.